दोन बोटं

दाखल-खारीज रजिस्टर, पान एकेचाळीस.
अक्षर माझंच.
शाई निळी, शाळेच्या खर्चातली,
पाणी घालून वाढवलेली.

टेकाम झित्रू मारोती. जात कोलाम.
जन्मतारीख: एक जुलै.

पिंपरडोहच्या शाळेत त्या वर्षी
सतरा पोरं एक जुलैला जन्मली.
आया सांगायच्या आपापल्या परीनं:
तुरीला फुलोरा होता,
म्हैस बुडाली त्याच्या आदल्या बाजाराला.
रजिस्टरात तुरीचा रकाना नव्हता.

आमची मोजणी साधी.
उजवा हात डोक्यावरून न्यायचा,
डावा कान धरायचा.
धरला की सहा पूर्ण.
झित्रूचा हात कमी पडला,
दोन बोटं.
पट वीसच्या खाली गेला असता तर शाळा गेली असती,
शाळेबरोबर मी.
मी त्याचं कोपर वर ढकललं.
कान सापडला म्हणून हसला तो.

चौथीत गळाला. माझी बदली झाली. पुढे पेन्शन.

जिनिंगचा चौकीदार उकंडा मेला
सरकीच्या ढिगाला टेकून, डोक्यात सब्बल.
चौघे होते.
ठेकेदाराचा भाचा माफीचा साक्षीदार झाला,
दोघं पेनगंगा उतरून गेले ते गेलेच.
झित्रू तिथंच बसून होता उजाडेपर्यंत,
उकंडाच्या कपाळावर दुपट्टा दाबून.
पंचनाम्यात दुपट्टा आहे.
निकालात नाही.

निकालात माझं पान आहे.
अठरा वर्षं, पाच महिने.
सरकारी वकिलानं मोठ्यानं वाचलं,
झित्रूला सरकारनंच दिलेल्या वकिलानं
घड्याळ पाहून मान हलवली.

आता तो नागपूरला, त्या यार्डात.
अर्ज दिल्लीला.

एक वकील मुलगी आली स्कूटीवरून, धुळीनं पांढरी.
गुरुजी, आठवतं का?
डोक्याला नाही, हाताला आठवतं,
ते कोपर.
प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं:
मी खोटं लिहिलं होतं.
ती म्हणाली, एवढ्यानं भागणार नाही.
तुमचं आज तरी खरं कशावरून?

म्हणून पंचफुलाबाईकडे गेलो.
उकंडाची बायको.
सांदवाडीत अंबाडी खुडत होती.
चहा ठेवला तिनं. मी कप धरला, पिऊ शकलो नाही.

"मी ह्या गावात नांदाले आली
त्या सालचा तान्हा पोळा.
लेकरं लाकडाचे बैल घेऊन दारात,
अन् माह्याजवळ बोजारा द्याले चार आने नाही.
तवाच पोडावर थाळी वाजली.
मारोत्याले पोरगं झालं, म्हने.
मांडा आता तुमचा हिसाब."

मांडला. मुलीनं दोनदा मांडला.
सोळा आणि तीन महिने.
तिचा चेहरा उजळला, शाईची डबी उघडली.
पंचफुलाबाईनं हात पदरात घेतला.

"थांब बाई.
अन् दोन सालं भरली असती त?
मंग त्याले लटकवाले मी हाव म्हनाचं?
माह्यावाला माणूस गेला
तवा चुलीत इस्तो होता, तसाच इझला.
त्याच्या मायची चूल इझवून
माही पेटत नाही.
हे बी लिवा.
नाही लिवाचं त अंगठा भेटनार नाही."

मुलगी म्हणाली, मावशी,
याला कागदात जागा नाही.
मी कागद ओढून घेतला.
समासात लिहिलं, उभं, बारीक,
ती बोलली तसं,
शुद्धलेखन न सुधारता.
मग तिनं अंगठा दाबला, असा
की खालच्या पाटावरही उमटला.

दिल्लीहून काही आलेलं नाही.
पोस्टमन दिसला की मी आत जातो.
रात्री अंथरुणात उठून बसतो,
उजवा हात डोक्यावरून नेतो.
खांदा आखडलाय आता.
कान पलीकडेच राहतो,
दोन बोटं.
कोपर ढकलायला कोणी नाही.